मोजल्याशिवाय न खोलणारी कार्यशाळा: कामठी रोडवरील फ्युएल इंजेक्शन सेवेचा अनुभव

नागपूरच्या कामठी रोडवर इंदोरा चौक ओलांडल्यानंतर आत वळणाऱ्या एका गल्लीत, पत्र्याच्या शेडखाली चालणाऱ्या या कार्यशाळेत फक्त पेट्रोल मोटारींच्या इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शनचे, म्हणजे गाडीतल्या संगणकाच्या हुकमाने इंजेक्टरमधून पेट्रोल फवारणाऱ्या यंत्रणेचे, काम होते. डेन्टिंग-पेंटिंग, क्लच, सस्पेन्शन, एसी यांपैकी कशालाही तिथे हात लावला जात नाही. हाताशी असलेले कामच आवरत नाही, म्हणून नाव छापू नये अशी मालकांची इच्छा आहे आणि मी ती पाळतो आहे. मात्र ‘इंजेक्टरवाले भाऊजी’ असे विचारले की चौकातले पंक्चरवालेसुद्धा वाट दाखवतात. गेल्या एप्रिलमध्ये मी माझी गाडी तिथे नेली आणि त्यानंतर सुमारे २,३०० किलोमीटर चालवून झाल्यावर हे लिहीत आहे, कारण इंजेक्शनच्या दुरुस्तीचा खरा निकाल गाडी दारात उभी असताना कळत नाही, तो रस्त्यावर आणि उन्हातच लागतो.

गाडी २०१४ सालची, १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची, ९२,००० किलोमीटर चाललेली आहे. माझे काम पतसंस्थांच्या लेखापरीक्षणाचे असल्यामुळे आठवड्यातून दोन-तीनदा काटोल, नरखेड, सावनेर असा प्रवास असतो आणि गाडी बंद पडली तर दिवस वाया जातो. मार्चपासून तिच्यात तीन तक्रारी एकापाठोपाठ सुरू झाल्या. पहिली अशी, की सकाळी थंड इंजिन एका सेल्फमध्ये सुरू व्हायचे, पण काटोलला तासभर उन्हात उभी राहिल्यानंतर तीच गाडी सात-आठ सेकंद सेल्फ मारूनही उचलायची नाही आणि सुरू झाली की मागून कच्च्या पेट्रोलचा वास यायचा. दुसरी अशी, की सिग्नलवर आयडलिंग एकसारखे राहत नव्हते, मधूनच एक ठोका चुकल्यासारखे व्हायचे. तिसरी सर्वांत त्रासदायक होती: ट्रक ओलांडण्यासाठी पाय दाबला की पिकअप मिळण्याऐवजी गाडी क्षणभर अडखळायची. त्यातच इंजिनाचा पिवळा दिवा लागला.

आधी मी गाडी शहरातल्याच एका परिचित गॅरेजमध्ये दिली. तिथे स्कॅनर लावला, पी०१७१ हा कोड आला, म्हणजे इंधन-हवेचे मिश्रण पातळ आहे, त्यात पेट्रोल कमी पडते आहे. त्यावर प्रथम ‘इंजेक्टर क्लीनिंग पॅकेज’ म्हणून २,२०० रुपये घेतले गेले. त्यात इंजेक्टर काढलेच नव्हते, इंजिन चालू ठेवून द्रव पाजला होता. दिवा विझवून गाडी परत दिली आणि सहाव्या दिवशी दिवा पुन्हा लागला. मग धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर खराब आहे असे सांगून तो ४,६०० रुपयांना बदलला, आयडलिंगसाठी ठिणगीला वीज देणारी एक इग्निशन कॉइल २,४०० रुपयांना बदलली आणि मजुरी ९०० रुपये झाली. एकूण १०,१०० रुपये खर्च झाले आणि तिन्ही तक्रारी जशाच्या तशा राहिल्या. त्यानंतर टाकीतला पूर्ण पंप बदलावा लागेल, साडेनऊ हजार लागतील, असे सांगण्यात आले. पंप खराब आहे हे कशावरून ठरवले, असे मी विचारले तेव्हा ‘या गाड्यांत पंपच जातो’ एवढेच उत्तर मिळाले. आयुष्यभर आकड्यांना पुरावा मागण्याचे काम केलेल्या माणसाला ते उत्तर पुरेसे वाटणे शक्य नव्हते.

कामठी रोडच्या कार्यशाळेत वेळ घ्यावी लागते. मला सहा दिवसांनंतरची वेळ मिळाली. गाडी सकाळी साडेनऊला दिली. पहिला अर्धा तास कोणीही बॉनेटला हात लावला नाही. भाऊजींची पुतणी, जिने ऑटोमोबाइलची पदविका घेतली आहे आणि स्कॅनरचे सर्व काम जिच्याकडे आहे, तिने वही उघडून मला प्रश्न विचारले: अडचण गाडी गरम असताना येते की थंड असताना, टाकी किती भरलेली असताना येते, पेट्रोल कुठून भरता, बॅटरी कधी बदलली, मधल्या काळात कोणी काय बदलले. बदललेल्या ऑक्सिजन सेन्सरचे बिलसुद्धा तिने पाहून घेतले. डॉक्टरने नाडी पाहण्याआधी दुखणे कधीपासून आहे हे विचारावे, तितक्या मनापासून हे प्रश्न विचारले जात होते, आणि पुढे दिसले की त्यांतील प्रत्येक उत्तराचा उपयोग झाला.

त्यानंतर डॅशबोर्डखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर जोडला. आपल्याकडे १ एप्रिल २०१३पासून बीएस-४ मोटारींना ओबीडी-२, म्हणजे गाडीने आपले बिघाड स्वतःच नोंदवण्याची पद्धत, लागू झाल्यामुळे माझ्या गाडीत ही सोय पूर्ण आहे. परंतु इथे कोड वाचून स्कॅनर बाजूला ठेवला गेला नाही. तिने चालू इंजिनाचे आकडे पडद्यावर घेतले आणि ‘लाँग टर्म फ्युएल ट्रिम’ नावाच्या एका ओळीवर बोट ठेवले. संगणकाच्या कोष्टकानुसार जेवढे पेट्रोल पुरायला हवे, त्याहून किती टक्के जास्त किंवा कमी त्याला प्रत्यक्षात द्यावे लागते आहे, याचा तो आकडा असतो. निरोगी गाडीत तो शून्याच्या अलीकडे-पलीकडे असतो आणि साधारण दहा टक्क्यांच्या आत राहतो. माझ्या गाडीत आयडलिंगला तो अधिक ९ होता, आणि कामठी रोडवर नेऊन चढत्या लोडवर पाहिला तेव्हा अधिक २३.

हा आकडा कळला आणि गेल्या दोन महिन्यांचा उलगडा झाला. कार्ब्युरेटरच्या काळात पेट्रोल कमी पडू लागले की गाडी त्याच दिवशी बोलायची, आणि जुने मिस्त्री कान लावून जेट साफ करायचे. १ एप्रिल २०००पासून भारत २००० हे प्रदूषण निकष लागू झाले आणि पुढच्या काही वर्षांत मोटारींतून कार्ब्युरेटर गेलाच. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर धुराड्यातली स्थिती सतत कळवत असतो, आणि मिश्रण पातळ झाले की संगणक इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवून ते भरून काढतो. पंपाचा जोर दहा टक्क्यांनी उतरला, तरी चालकाला काही जाणवत नाही, कारण तेवढी उणीव संगणक झाकून टाकतो. झाकण्याची मर्यादा संपते तेव्हाच दिवा लागतो. म्हणजे दिवा लागतो त्या दिवशी बिघाड नवा नसतो; तो कित्येक महिन्यांचा असू शकतो. म्हणूनच इंजेक्शनच्या कामात नुसत्या कानाने, अंदाजाने किंवा ‘या गाड्यांत हेच जाते’ या अनुभवाने चालत नाही. प्रत्येक पायरीवर मापच घ्यावे लागते. या कार्यशाळेचे वेगळेपण मला याच एका गोष्टीत दिसते.

भाऊजी स्वतः पन्नाशीचे, मितभाषी गृहस्थ आहेत. पडद्यावरचे आकडे पाहून ते म्हणाले, “साहेब, तुमच्या लाइटीनं खोटं नाही सांगितलं. गाडीले पेट्रोल कमीच भेटून राहिलं. सेन्सर काहून बदलला मंग?” जुना ऑक्सिजन सेन्सर बरोबर तेच सांगत होता, निरोप आणणाऱ्यालाच बदलले गेले आणि निरोप तोच राहिला. दोन्ही आकड्यांमधल्या फरकाचा अर्थही त्यांनी समजावून सांगितला. दोष आयडलिंगला कमी आणि लोडवर जास्त असेल, तर इंजिनाची पेट्रोलची मागणी वाढते तेव्हा पुरवठा मागे पडतो आहे, असे समजायचे. कुठून तरी हवा शिरत असती, तर चित्र वेगळे दिसले असते. माझ्या गाडीत हवेचे माप मॅनिफोल्डमधील, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधील, दाबावरून, म्हणजे मॅप सेन्सरने घेतले जाते. अशा गाडीत मॅनिफोल्डला भोक पडले तर दाब चढतो, संगणक त्या प्रमाणात पेट्रोलही वाढवतो आणि आयडलिंगच वर जाते. माझे आयडलिंग वर गेलेले नव्हते. दाबावरून पेट्रोल ठरवण्याची ही पद्धत आजची नाही. बॉशने १९६७मध्ये आणलेल्या डी-जेट्रॉनिकमधला ‘डी’ हा जर्मन भाषेतल्या दाबासाठीच्या शब्दाचा आहे. पद्धत पन्नास-साठ वर्षांची असूनही तिचा हा बारकावा माहीत असलेले मिस्त्री मला तरी पहिल्यांदाच भेटले.

पुढची पायरी दाबाची होती. पेट्रोलच्या नळीत काम करण्यापूर्वी त्यांनी पंपाला वीज जोडणारा रिले काढून इंजिन चालू ठेवले. रेलमधले, म्हणजे सर्व इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतले, पेट्रोल संपताच ते आपोआप बंद पडले आणि दाब उतरला. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडली, शेजारी अग्निशामक नळकांडे आणून ठेवले आणि गल्लीत विडी ओढत उभ्या असलेल्या एका ग्राहकाला नम्रपणे लांब जायला सांगितले. रेलकडे जाणाऱ्या नळीत टी-जोड घालून गेज लावले. या गाडीला रेलमध्ये सुमारे ३ बार दाब लागतो. आयडलिंगला गेज २.९ दाखवत होते, जे वाईट नव्हते. परंतु गेज काचेला बांधून गाडी रस्त्यावर चालवली, तेव्हा पूर्ण पाय दाबल्यावर काटा २.३ वर आला. इंजिन बंद केल्यानंतर दहा मिनिटांत तो ०.८ पर्यंत उतरला. टी-जोडावरचा कॉक फिरवून टाकीची बाजू बंद केल्यावरही दाब तसाच उतरत राहिला, याचा अर्थ पंपातली एकमार्गी झडप शाबूत होती आणि गळती रेलच्या बाजूला, इंजेक्टरमधून होत होती. पंप बदलला असता, तर साडेनऊ हजार खर्चूनही काटोलच्या उन्हात सेल्फ मारणे चुकले नसते, हे त्या एका कॉकने दाखवून दिले.

लोडवर दाब का पडतो, हा प्रश्न मात्र उरला होता. मागची सीट उचलून पंपाचे झाकण उघडण्यापूर्वी भाऊजींनी मल्टिमीटर हातात घेतला. बॅटरीवर १३.९ व्होल्ट होते. पंपाच्या कपलरवर, म्हणजे तारांच्या जोडावर, इंजिन चालू असताना, ११.२. वाटेत पावणेतीन व्होल्ट हरवत होते. कपलर सोडवून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. पांढऱ्या प्लास्टिकचा एक कोपरा चहाच्या रंगाचा झाला होता आणि त्या बाजूची पितळी टर्मिनल इतकी सैल झाली होती, की पिन तिच्यात नुसती टेकत होती, धरली जात नव्हती. सैल सांध्यात वीज तापते, तापल्याने पितळ आणखी ढिले पडते आणि पंपाला मिळणारे व्होल्ट कमी होत जातात. पंप निरोगी होता, त्याला उपाशी ठेवले जात होते. पंप बाहेर काढल्यावर त्याच्या तळाची जाळीही बारीक तांबूस मातीने अर्धी भरलेली दिसली, ती बदलली. कपलर नव्या टर्मिनलसह, क्रिम्प करून, म्हणजे पकडीने घट्ट दाबून, बसवला. तारा पिळून टेप गुंडाळण्याचा प्रकार तिथे चालत नाही. त्यानंतर त्याच जागी १३.५ व्होल्ट मिळाले.

मग इंजेक्टरची पाळी आली, आणि हा भाग मी शेडमध्ये उभा राहून शेवटपर्यंत पाहिला. चारही इंजेक्टर रेलसकट बाहेर काढून त्यांना १ ते ४ असे क्रमांक बांधले. आधी प्रत्येकाचा रोध मोजला; चौघांचा १२ ओहमच्या आसपास आला, म्हणजे आतल्या गुंडाळ्या चांगल्या होत्या. त्यानंतर ते चाचणीच्या यंत्रावर उभे चढवले. प्रत्येकाखाली काचेची उभी नळी असते आणि मागून लुकलुकणारा दिवा लावलेला असतो, ज्यामुळे सेकंदात अनेकदा उडणारा फवारा थांबल्यासारखा दिसतो. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या इंजेक्टरचा फवारा उलट्या नरसाळ्यासारखा, धुक्याइतका बारीक होता. तिसऱ्यातून मात्र एका कडेला सरळ धार निघत होती. पूर्ण उघडे ठेवून तीस सेकंदांत नळ्यांत अनुक्रमे ७४, ७३, ६३ आणि ७४ मिलिलिटर द्रव साचला. नंतर इंजेक्टर बंद ठेवून फक्त दाब दिला, तेव्हा तिसऱ्याच्या टोकाशी एक थेंब फुगत गेला, सुटला आणि लगेच दुसरा धरू लागला.

तो थेंब पाहताना माझ्या दोन तक्रारी एकदम सुटल्या. टोकावर कीट साचल्यामुळे तिसरा इंजेक्टर उघडला की कमी पेट्रोल देत होता, त्यामुळे आयडलिंगचा ठोका चुकत होता; आणि त्याच किटामुळे तो नीट मिटत नव्हता, त्यामुळे गाडी बंद केल्यावर रेलमधले पेट्रोल तिसऱ्या सिलिंडरच्या वाटेत झिरपत होते. उन्हात तापलेल्या रेलमध्ये दाब उरला नाही, की उरलेल्या पेट्रोलची वाफ होते आणि सेल्फ मारताना इंजेक्टरमधून पेट्रोलऐवजी वाफ येते. कच्च्या पेट्रोलचा वास झिरपलेल्या सिलिंडरचा होता. कॉइल बदलून यातले काहीही सुधारणे शक्यच नव्हते.

साफसफाई अल्ट्रासॉनिक टाकीत झाली. इंजेक्टरची टोके द्रावणात बुडवून, ती विजेने उघडझाप करत ठेवून, पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन फेरे झाले. टाकीतून भुंग्यासारखा आवाज येत राहतो आणि टोकाभोवती तपकिरी ढग उतरताना स्पष्ट दिसतो. त्यानंतर उलट दिशेने द्रव सोडून धुतले, वरच्या तोंडातली बोटाच्या पेराहून लहान जाळी बदलली आणि गळती रोखणाऱ्या रबरी कड्या, म्हणजे ओ-रिंग, नव्या घातल्या. चाचणीत पुन्हा मोजल्यावर ७६, ७५, ७५, ७६ असे आकडे आले आणि थेंब धरणे थांबले. चार इंजेक्टरमध्ये पाच टक्क्यांहून जास्त फरक राहिला तर ते गाडीत परत बसवत नाहीत, असा तिथला नियम आहे. ओ-रिंगला स्वच्छ इंजिन ऑइलचे बोट लावून इंजेक्टर बसवले, चावी दोनदा नुसती फिरवून रेल भरू दिली, टॉर्चच्या उजेडात प्रत्येक सांधा पुसून पाहिला आणि मगच सेल्फ मारला.

ओ-रिंगबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. पेट्रोल पंपांवर आता वीस टक्के इथेनॉल असलेले ई-२० पेट्रोल मिळते, आणि माझ्या गाडीसारख्या २०१४च्या गाड्या त्या मिश्रणासाठी बनवलेल्या नाहीत. ई-२० चालेल अशा भागांच्या मोटारी एप्रिल २०२३पासून येऊ लागल्या. साध्या नायट्राइल रबराऐवजी या कार्यशाळेत विटॉन या वेगळ्या रबराच्या ओ-रिंग वापरल्या जातात, कारण त्या इथेनॉलला जास्त दाद देत नाहीत. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. ई-२०ला सुमारे १३.५ भागच लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त द्यावे लागते. त्यामुळे ई-१०च्या, म्हणजे दहा टक्के इथेनॉलच्या, हिशेबाने जुळवलेल्या गाडीत ट्रिमचा आकडा तीन-चार टक्के वर दिसणे हा बिघाड नव्हे. भाऊजींच्या पुतणीने मला हे आधीच सांगून ठेवले होते, त्यामुळे काम झाल्यावर अधिक ३ आणि अधिक ४ हे आकडे पाहून मी पुन्हा चिंतेत पडलो नाही. तिथून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत मेट्रोच्या पुलाखालून जाऊन परत येताना गेज लोडवरही २.९५ च्या खाली आले नाही.

बिल ३,७८० रुपये झाले: स्कॅनिंग आणि दाबाची चाचणी ७००, चार इंजेक्टरची सफाई आणि मोजणी १,६००, ओ-रिंग आणि जाळ्यांचा संच ४८०, पंपाची जाळी ३५०, कपलर मजुरीसह ६५०. काढलेले सर्व भाग प्लास्टिकच्या पिशवीत घालून परत दिले आणि आधीचे व नंतरचे सर्व आकडे एका कागदावर लिहून दिले. नागपुरात गाडीच्या दुरुस्तीनंतर असा कागद हातात पडणे ही दुर्मीळ गोष्ट आहे, आणि तो मी विम्याच्या कागदांइतकाच जपून ठेवला आहे.

उणिवाही आहेत, आणि त्या सांगितल्याशिवाय हे लिहिणे अपुरे राहील. गाडी संध्याकाळी मिळेल असे सांगितले होते. ती दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाली आणि उशीर होणार हे मला फोन करून विचारल्यावरच कळले. काम नीट करण्यासाठी लागणारा वेळ मला मान्य आहे, पण तो आधी कळवणे हे त्याच कामाचा भाग मानले पाहिजे. बसायला एकच बाक आहे, शेड पत्र्याची आहे आणि एकच कूलर आहे, तोही यंत्राच्या बाजूला वळवलेला; एप्रिल-मेच्या दुपारी ज्येष्ठांनी तिथे थांबू नये. गाडी सोडून इंदोरा चौकातून मेट्रोने परत जाणे सोयीचे पडते. मी तसाच जयप्रकाश नगरला घरी गेलो. आकड्यांच्या कागदावर संक्षेप फार आहेत आणि अक्षर घाईचे आहे, त्यामुळे समजावून घेतल्याशिवाय तो इतरांना वाचता येणार नाही. मजुरीची हमी फक्त तीन महिन्यांची आहे, जी मला कमी वाटते.

डिझेल गाड्या तिथे घेतल्या जात नाहीत. माझ्या समोर एका एसयूव्हीच्या मालकाने बराच आग्रह केला, पण भाऊजींनी नकार दिला. कॉमन रेल डिझेलमध्ये दाब १,६०० बार आणि त्याहूनही वर जातो, इंजेक्टरच्या आतल्या फटी काही मायक्रॉनच्या असतात आणि त्यासाठी धूळमुक्त खोली व वेगळे यंत्र लागते. पत्र्याच्या शेडमध्ये ते उघडणे म्हणजे ग्राहकाचे नुकसान करणे आहे, असे त्यांचे स्पष्ट मत होते. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या नव्या जीडीआय इंजिनांबाबतही ते स्कॅनिंगपुरतेच काम करतात. आपल्याला काय येत नाही हे ग्राहकाला सांगणारा मिस्त्री मला अधिक विश्वासाचा वाटतो.

निगेबाबत त्यांनी जे सांगितले, त्यातले बरेचसे नागपूरच्या हवामानाशी जोडलेले आहे. टाकीतला पंप पेट्रोलमध्येच बुडालेला असतो आणि त्याच पेट्रोलने थंड होतो. पारा ४५ अंशांच्या पुढे असताना रिझर्व्हवर गाडी फिरवली, की पंप गरम राहतो आणि तळाची घाणही जाळीकडे ओढली जाते, म्हणून उन्हाळ्यात टाकी पावच्या खाली जाऊ देऊ नये. एअर फिल्टर कंपनीच्या पुस्तकातल्या किलोमीटरवर नव्हे, तर आपल्या रस्त्यावरच्या धुळीवर बदलावा. कापसाच्या हंगामात काटोल-सावनेर भागात फिरणाऱ्यांनी तो महिन्याकाठी उघडून पाहावा. पावसाळ्यापूर्वी इंजिनावरचे कपलर एकेक करून तपासून घ्यावेत आणि सर्व्हिस स्टेशनवर इंजिनावर जोराच्या पाण्याचा फवारा मारू देऊ नये. गाडीला वेल्डिंग करायचे असेल तर बॅटरी सोडल्याशिवाय करू नये. उंदरांनी तारा कुरतडल्यामुळे येणाऱ्या गाड्या त्यांच्याकडे पावसाळ्यात सर्वांत जास्त असतात, म्हणून बॉनेटखाली वाळकी पाने आणि चिंध्या साचू न देण्यावर त्यांचा फार भर होता.

इंजेक्टर दर दहा हजार किलोमीटरला साफ करावेत का, असेही मी विचारले, कारण अनेक ठिकाणी ते सर्व्हिसच्या यादीत न विचारता घातले जाते. भाऊजी म्हणाले, “ट्रिम पाहा, फ्लो पाहा. बराबर असन तर खोलाचं कायले? जेवढ्या बार खोलसान, तेवढ्या बार ओ-रिंग बदला लागते.” ज्या कामाचे त्यांना पैसे मिळतात, तेच काम गरज नसताना करू नका असे ते सांगत होते. दर वर्षी एकदा, उन्हाळ्यापूर्वी, फक्त स्कॅनिंग आणि दाबाची चाचणी करून घ्यावी आणि आकडे मागच्या कागदाशी ताडून पाहावेत, एवढाच त्यांचा आग्रह आहे.

आज गाडी काटोलच्या बस स्थानकाबाहेर दोन तास उन्हात उभी होती आणि पहिल्या सेल्फमध्ये सुरू झाली. मागच्या शनिवारी ट्रिम पुन्हा पाहून घेतले, त्याचे पैसे घेतले नाहीत. आयडलिंगला अधिक ३, लोडवर अधिक ५ होते आणि पुतणीने तो आकडा माझ्याच कागदाच्या खाली, तारखेसह, लिहून दिला. कार्यशाळा रविवारी बंद असते, वेळ फोनवर मिळते आणि गाडी नेताना आधीच्या दुरुस्तीची सर्व बिले सोबत न्यावीत, कारण पहिला अर्धा तास तीच पाहिली जातात.